एका कामाले एक स्विच

२०२२ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि तोवर पुंडलिकभाऊंच्या एकाच गाडीत माझ्या हातानं अकरा स्विच बसले होते. गाडी बारकी, पांढरी, जुनी. कंपनीनं दिलेले स्विच वेगळे, ते मी यात धरत नाही.

नागपूरच्या महाल भागात माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. शाळा चौथीत सुटली, पण कोणती वायर कुठून कुठं जाते हे मला कोणी सांगायचं नाही. पुंडलिकभाऊ तेवढे सांगत. रिटायर झाल्यापासून मधूनमधून येत आणि माझ्या टेबलावर टकटक करत.

"मिस्तरी, एक स्विच पायजे."

"आता कशाले जी?"

"गणपतीले पंखा लावाचा हाय."

डॅशबोर्डवर अंगठ्याएवढा गणपती होता. नागपूरचा मे महिना, काचा बंद, गाडी उन्हात उभी. "आपण सावलीत जाऊन बसतो," पुंडलिकभाऊ म्हणाले, "त्यानं कुठं जावं?"

मी म्हटलं, तुमच्या पंख्याच्याच स्विचवर जोडून देतो. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"एका कामाले एक स्विच. मी माह्यावाला पंखा बंद केला का त्याचाही बंद? त्यानं काय मले इचारून गरम व्हाचं?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका कामाले एक स्विच. मागच्या सीटवरच्या दिव्याला एक, मोबाईल चार्जरला एक, लाल माळेला एक. रिव्हर्स घेताना वाजणाऱ्या आरतीलाही एक, म्हणजे दवाखान्यासमोर बंद ठेवता येते. ओळखू यावे म्हणून प्रत्येकाखाली बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका. कोणता रंग कशाचा, हे मात्र त्यांनाच आठवत नसे. दिवा लावायला गेले की आरती सुरू.

एकदा रामटेकला देवदर्शनाला गेले आणि गणपतीचा पंखा चालूच राहिला. गडावरून उतरले तर बॅटरी संपलेली. दर्शनाला आलेल्या माणसांनी धक्का दिला, हे आत बसून "जोर लावा बाप्पा" म्हणत होते. फोनवर मला म्हणाले, "स्विचची चूक नाही, मिस्तरी. माही चूक हाय." स्विचची बाजू घेणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण खरी कटकट हॉर्नची. कंपनीचा हॉर्न होता, मग दोन सुरांचा आला, मग एक दिवस ट्रकचा घेऊन आले. तो बसवला तशी त्यांच्या गल्लीतली माणसं माझ्या दुकानात हजर. रोज सांजेला घरासमोर उभं राहून हा माणूस बोंबलतो, पोरं दचकून उठतात, यापुढं त्याला हॉर्न द्यायचा नाही. मी शब्द दिला. माझा शब्द म्हणजे शब्द.

नंतर पुंडलिकभाऊ आले ते भाजीची थैली घेऊनच.

"टपावर पिवळा दिवा पायजे. आन तो दिवा आन ट्रकचा हॉर्न एकाच स्विचवर. बटण दाबलं का दोन्ही."

मी टेस्टर खाली ठेवला. "एकाच?"

"एकाच."

"एका कामाले एक स्विच, हे कोण म्हणते जी?"

"मी म्हणतो. आन आता हेबी मीच म्हणून राहिलो."

"काहून ते सांगा."

"तुमाले काय कराचं हाय?"

"मंग मलेही नाही कराचं."

ते तोंड फिरवून निघून गेले. सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आणि मेथीची थैली टेबलावरच राहिली. भाजी सुकली असती, म्हणून सांजेला मी मोपेड काढली आणि त्यांच्या घरी गेलो. भांडण भाजीशी नव्हतं.

गाडी फाटकाबाहेर उभी. फाटकाला अर्ध्यापर्यंत पत्रा, वरून ओसरी दिसत होती. वहिनी खाली मान घालून तांदूळ निवडत बसलेल्या. पुंडलिकभाऊंनी हॉर्न दिला. मग दुसरा. मग ट्रकचा. समोरच्या घरानं खिडकी आपटून लावली. वहिनींनी मान वर केली नाही.

मी फाटकाला हात घातला.

"नोका, मिस्तरी," ते गाडीतून हळूच म्हणाले. "फाटक तुमची वहिनीच उघडते. स्कूटर होती तवापासून माह्या हॉर्नवर उठते ते."

मग त्यांनी सीटखालून टॉर्च काढला. एक हात खिडकीबाहेर काढून पत्र्यावरून टॉर्चचा उजेड ओसरीच्या भिंतीवर नाचवला आणि दुसऱ्या कोपरानं हॉर्न दाबून धरला. चष्मा नाकावरून घसरलेला, मान वाकडी. भिंतीवर उजेड हलला तशा वहिनींनी वर पाहिलं आणि लगबगीनं उठल्या. त्या उठताच यांनी टॉर्च मांडीखाली दडवला. हॉर्न मात्र तसाच चालू.

वहिनींनी फाटक उघडलं.

"आलं जी आलं, ऐकू. किती वाजवता? मी काय बहिरी हाओ?"

"सवय लागली वं," पुंडलिकभाऊ म्हणाले.

"पाहा ना मिस्तरी भाऊजी, स्वयंपाकघरात असली तरी मले यांचा हॉर्न समजते." त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

मी मान डोलावली. थैली पुंडलिकभाऊंच्या हातात दिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, गणपतीच्या पंख्याचा स्विच उगाच खालीवर करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी त्यांच्या फाटकाशी गेलो, टपाला भोक पाडून पिवळा दिवा बसवला, ट्रकचा हॉर्न काढून डिकीत टाकला, कंपनीच्या हलक्या हॉर्नची वायर आणि दिव्याची वायर एकाच बटणावर आणली आणि दोन्हींवर मिळून एकच टेप गुंडाळली.