पहिला घास कुणाचा

शाहूपुरीतल्या हंबीररावांच्या घरी तांबडा रस्सा दुसऱ्यांदा गरम होऊन टेबलावर आला, तरी पावण्यांनी चमच्याला हात लावला नव्हता.

आता हे पावणं काही साधंसुधं नव्हतं. हंबीररावांची एकुलती लेक तेजस्वी पुण्यात एका कोरियन कंपनीत नोकरीला. तिथल्याच मिन्हो नावाच्या पोराशी तिनं लग्न ठरवलेलं, आणि मिन्होचे वडील, सत्तरीचे पाकसाहेब, मुद्दाम घर बघायला आलेले. हंबीरराव कसेबसे तयार झाले होते. त्यांची आई, आक्का, मात्र अडून बसली होती. "परक्या मुलखात पोर द्यायची न्हाय," हे एकच वाक्य आक्का महिनाभर बोलत होत्या, आणि आक्कांचा शब्द मोडायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. हंबीरराव रोज त्यांच्या पाया पडल्याशिवाय दुकान उघडायला जात नसत.

पाकसाहेब हात मांडीवर ठेवून बसले होते. बाप जेवत नाही म्हणून मिन्होही तसाच. तिखटाला भ्याले असतील, असं समजून हंबीररावांनी पांढरा रस्सा पुढं सरकवला. मग दही. मग बेकरीतून पाव आणवला. पावणं प्रत्येक वाटीला मान लववायचे आणि पुन्हा आपले हात मांडीवर. पाहुण्याच्या आधी यजमानानं जेवायचं नाही, हा तर कोल्हापूरचा कायदाच. त्यामुळं मटणाचा वास घेत हंबीररावही उपाशीच.

शेवटी त्यांचं डोकं फिरलं. भाकरी वाढायला आलेल्या तेजस्वीला ते म्हणाले, "सोयरीक नको असंल तर सरळ सांगा म्हणावं. अन्नावर कशाला राग?"

तेजस्वीनं कोरियन भाषेत विचारलं, उत्तर ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. ऑफिसात रोज बघून तिला हे ठाऊक होतं, पण सकाळपासून भाकऱ्यांच्या गडबडीत सांगायचंच राहून गेलं होतं. "राग न्हाय, पप्पा. त्यांच्यात थोरल्या माणसानं पहिला घास घेतल्याबिगर बाकीची जेवत न्हाईत."

एवढंच होय! पाहुण्याआधी खायचं हंबीररावांच्या जिवावर आलं होतं, पण पोरीच्या संसाराचा प्रश्न. घरचा कर्ता म्हणून त्यांनी डोळे मिटून एक घास गिळला. पाकसाहेब ढिम्म. त्यांनी दोन्ही हात अदबीनं स्वयंपाकघराच्या दाराकडं केले. तिथं पाटावर बसून शहाऐंशी वर्षांच्या आक्का कुणाला काय कमी पडतंय ते बघत होत्या.

आक्का दचकल्याच. "मी मागनं जेवतो. बापय माणसं उठल्याबिगर मी कधी जेवलोय व्हय?"

तेजस्वीनं हे पाकसाहेबांना सांगितलं. ते उठले, कमरेत वाकले आणि स्वतःची खुर्ची आक्कांसाठी मागं ओढून उभे राहिले. बाप उभा म्हणून मिन्हो उभा. पावणं उभे म्हणून हंबीररावांनाही उठावं लागलं. भरल्या ताटांभोवती तीन बाप्ये तिष्ठत उभे, असं दृश्य शाहूपुरीनं कधी बघितलं नसेल.

आणि उभ्या उभ्या हंबीररावांच्या काळजात काहीतरी हललं. आईच्या पाया ते चाळीस वर्षं पडत होते. सगळ्यांचं आटोपल्यावर ती डब्यातली गार भाकरी खाते, हेही रोज दिसत होतं. पण तू जेवलीस का, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"आक्का, ये की. बस," ते म्हणाले.

आक्का डोक्यावरचा पदर सारखा करत आल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या. सूनबाईंनी, म्हणजे तेजस्वीच्या आईनं, क्रांतीनं, तव्यावरची फुगलेली भाकरी थेट त्यांच्या ताटात टाकली. आक्कांनी ती मोडली, वाफेनं बोटं पोळली, तशी फुंकर मारून घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिल्या. मग कुठं पाकसाहेबांनी चमचा उचलला. नाकाडोळ्यांतून पाणी काढत तीन वाट्या तांबडा संपवला माणसानं.

आक्कांनी तेजस्वीला जवळ बोलावलं. "त्यांच्यात रोज असंच असतंय?"

"रोज, आक्का."

आक्कांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

"मग जाऊ दे पोरीला," त्या हंबीररावांकडं न बघताच म्हणाल्या. "म्हातारपणी तरी ऊन ऊन खाईल."