शेवटच्या माणसाची पाटी

रांगेचा शेवट कुठे आहे हे ज्या समाजाला कळत नाही तो समाज बुडतो, असं जपानातल्या तोयामाच्या कॉमिक्स मेळाव्याच्या नियमावलीत कुठेही लिहिलेलं नाही; पण तिथे वावरणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ असतं. म्हणून प्रत्येक रांगेतला शेवटचा माणूस हातात पाटी धरून उभा राहतो. पाटीवर असतं, 'रांगेचा शेवट इथे.' मागून नवा माणूस आला की पाटी त्याच्या हातात जाते आणि आधीचा सुटतो. व्यवस्था साधी आहे आणि तिच्याविरुद्ध आजवर एकही तक्रार आलेली नाही. मात्र एक दुसरी पाटीही असते, लाल अक्षरांची. 'रांग बंद. इथून पुढे कोणीही उभे राहू नये.' ही पाटी पुढे सरकत नाही. ज्याच्या हातात पडली त्याच्याच हातात राहते.

त्या रविवारी ती इसोगाई शिगेरु यांच्या हातात पडली.

इसोगाई म्हणजे गरीब गाय. औषधाच्या कारखान्यात, बाटलीच्या तोंडाशी कापूस बसवण्याच्या विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. बँकेत गेले की नेमकी जेवणाची सुट्टी, पोस्टात गेले की 'ही खिडकी नव्हे, ती.' त्या खिडकीत गेले की पहिली. नाद म्हणाल तर एकच. जाडजूड चित्रवही काखेत मारून मेळाव्यांना जायचं, चित्रकारांच्या टेबलापुढे कमरेत वाकायचं आणि म्हणायचं, "एखादं चित्र काढून द्याल का?" चित्रकार काढून देत. वही भरत आली होती.

"दुसऱ्या बायकांचे नवरे दारू पितात," त्यांची बायको काझुए म्हणायची, "पण रविवारी घरात तरी असतात."

वहीचं पहिलं पान मात्र कोरं होतं. ते कुसाकाबे मित्सु यांच्यासाठी राखलेलं. सगळे त्यांना आदरानं सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणत. पोन्ता नावाचं पाणमांजर त्यांच्या कॉमिक्समधलं. हे पाणमांजर पोस्टमन होतं आणि नदीतून पोहत पत्रं पोचवायचं, त्यामुळे प्रत्येक पत्र भिजून अक्षरं पुसलेली, आणि ज्याला जे हवं ते त्यानं वाचावं. इसोगाई नऊ वर्षांचे असताना पाय मोडून वर्षभर अंथरुणात होते. त्या वर्षी आईखेरीज त्यांच्याशी बोलणारं कोणी असेल तर ते पोन्ता. पुढे मोठेपणी ते दरवर्षी सेन्सेईंच्या रांगेत उभे राहिले, आणि दरवर्षी लाल पाटी बरोबर त्यांच्या नाकासमोर आली. पाटी धरणारा हसून म्हणायचा, "माफ करा हं." त्या हसण्याची इसोगाईंना मनापासून चीड होती. यंदा सेन्सेईंनी जाहीर केलं होतं की हात आता थरथरतो, या मेळाव्यानंतर कोणालाही चित्र काढून मिळणार नाही.

आणि यंदा दंडाला हिरवी पट्टी बांधलेल्या ओकुदाइराबाई आल्या त्या थेट इसोगाईंच्या मागे. या बाई सगळ्या रांगांच्या प्रमुख.

"काका, नशीब काढलंत. शेवटचे तुम्ही. ही पाटी धरा. मागे कोणाला उभं राहू देऊ नका."

"कोणालाच?"

"कोणालाच म्हणजे कोणालाच."

इसोगाईंना भरून आलं. पुढे अकराच माणसं होती. रांग खांबाला वळसा घालून गेली होती, आणि खांबापलीकडे सेन्सेई होत्या.

पहिला आला तो एक कॉलेजचा मुलगा. "काका, रात्रभर बसमध्ये बसून आलोय हो."

"माफ करा, खरंच माफ करा, रांग बंद झाली," म्हणत इसोगाई इतके वाकले की पाटीचा कोपरा मुलाच्या कपाळाला लागला. मग त्याबद्दल पुन्हा माफी मागितली. दुसरी आली ती पाणमांजराचा पोशाख घालून, शेपटी हातात धरून. तिला एकदाच माफ करा म्हणाले. पाचव्याला 'माफ करा'तलं 'करा' गळलं. पुढे पुढे तर तोंड उघडायची गरजच पडेना. पाटी बोटभर तिरकी केली की माणूस समजायचा. अहो, ज्या माणसाला आयुष्यात कोणी काही विचारलं नाही, बाटलीतला कापूससुद्धा ज्याला न विचारता आत जायचा, त्याच्यापुढे आता लोक हात जोडत होते. आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक हसू आलं. आरसा जवळ नसल्यामुळे ते कोणतं हसू आहे हे त्यांना दिसलं नाही.

अडचण अशी झाली की नाकारलेली माणसं जाईनात. तिथेच घोळका करून उभी राहिली.

"असं काय उभे राहता?" इसोगाई म्हणाले. "काही शिस्त?"

"मग कसं उभं राहायचं?" मुलानं विचारलं.

"रांगेत."

"पण रांग बंद आहे ना?"

प्रश्न रास्त होता. इसोगाईंनी विचार केला आणि जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्टीच्या डाव्या बाजूला 'चौकशीची रांग' स्थापन केली. रांगेत उभं राहता येईल का, याची चौकशी करण्यासाठी ही रांग. नंबर आला की माणूस विचारायचा, "उभं राहता येईल का?" इसोगाई सांगायचे, "नाही." मग ज्याला या उत्तराचा फेरविचार व्हावा असं वाटे, तो पुन्हा शेवटी जाऊन उभा राही. सगळ्यांनाच तसं वाटत होतं. त्यामुळे चौकशीची रांग कधी संपेना आणि कामकाज सुरळीत चालू लागलं. भाताचे गोळे खाता खाता चौकशी करू नये, हा नियम नंतर आला. वहीची पानं आधीपासून उघडून ठेवू नयेत, उगाच आशा वाढते, हा त्याच्यानंतर. ओकुदाइराबाई मध्ये एकदा येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "वा! आमच्या लोकांना हे जमत नाही." इसोगाईंची पाठ ताठ झाली.

एव्हाना पुढची रांग थांबली होती. सेन्सेई हात शेकायला उठल्या होत्या. टेबलावर चिठ्ठी होती, 'थोड्याच वेळात परत येते.'

मागून एक म्हातारी आली. बुटकी, तोंडावर मास्क, एका हातात गरम पाण्याचा थर्मास, खांद्याला कापडी पिशवी.

"जरा वाट देता? पुढे जायचंय मला."

"आजी, पुढे सगळ्यांनाच जायचंय."

"माझं टेबल आहे हो तिथे. या रांगेच्या तोंडाशी."

"ते कुसाकाबे सेन्सेईंचं टेबल आहे."

"हो. मीच ती."

इसोगाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. वरपर्यंत जायला फार वेळ लागला नाही. सेन्सेईंनी जन्मात कुठे फोटो छापू दिला नव्हता. पुस्तकामागे फोटोच्या जागी पोन्ताच असायचा. पण सेन्सेई उंच आहेत, हे इसोगाईंनी नवव्या वर्षीच ठरवून टाकलेलं होतं.

"ओळखपत्र?"

"टेबलावर राहिलं."

"मग घेऊन या."

"तेच आणायला निघालेय ना!"

"टेबलाकडे रांगेतून जायचं असतं. रांग बंद आहे."

"मी बाजूनं जाते."

"बाजूनं?" इसोगाईंच्या तोंडून शब्द निघाला आणि चौकशीच्या रांगेतल्या माणसांनीही माना वळवल्या. बाजूनं जाणारा माणूस तोयामात कोणी पाहिला नव्हता.

"बरं, एक पोन्ता काढून दाखवू का? मग तर पटेल?"

"आजी, या सभागृहात दर तिसरा माणूस पोन्ता काढतो. चित्र हा पुरावा होत नाही."

तेवढ्यात भोंग्यावरून आवाज आला. 'कुसाकाबे सेन्सेईंनी जिथे असतील तिथून आपल्या टेबलापाशी यावे.'

"ऐकलंत?" इसोगाई खवळले. "तिकडे सेन्सेई सापडत नाहीयेत आणि तुम्हाला इथे थट्टा सुचतेय! चौकशीच्या रांगेत उभ्या राहा. नंबर आला की विचारा."

म्हातारी मास्कच्या आत खुदकन हसली. "राहते की. माझ्या रांगेचं शेपूट कसं दिसतं ते कधी पाहिलंच नव्हतं मी."

ती शेवटी जाऊन पिशवीवर बसली. पुढच्या मुलानं तिला बिस्कीट दिलं. तिनं त्याची वही मागितली आणि ब्रश काढला. मग पाणमांजराच्या पोशाखातली बाई वाकून बघू लागली, मग तिची वही, मग तिच्या पुढच्याची. चौकशीची रांग उलटी फिरली. कोणी चौकशीला येईना. इसोगाईंना हे खटकलं. पाटी न सोडता ते तिथवर गेले.

"काय चाललंय? चौकशीच्या रांगेत चित्रं काढायची परवानगी नाही."

"अहो काका, बघा तरी," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज कापत होता.

इसोगाईंनी बघितलं. पोन्ता पाण्यातून डोकं वर काढून पत्र उंच धरत होता.

"नक्कल बरी आहे," ते म्हणाले. "पण सेन्सेईंचा पोन्ता असा म्हातारा नसतो. आणि रेघ थरथरलीय."

"हल्ली थरथरते खरी," म्हातारी म्हणाली.

"सेन्सेईंची रेघ एका दमात येते. मला सांगू नका, मी नऊ वर्षांचा असल्यापासून बघतोय."

"इतक्या लहानपणापासून?"

"पाय मोडला होता माझा. वर्षभर अंथरुणात. पोन्ता नसता तर मी..." इसोगाईंना हातातल्या पाटीची आठवण झाली. "ते असो. नंबर आला की विचारा."

म्हातारीनं त्यांच्या पायाकडे एकदा पाहिलं आणि पुढची वही घेतली.

सभागृह रिकामं करायची वेळ जवळ आली तेव्हा ओकुदाइराबाई घामाघूम होऊन धावत आल्या. "सेन्सेई! अगं बाई, तुम्ही इथे जमिनीवर? मी सगळी स्वच्छतागृहं पालथी घातली हो!"

इसोगाईंचे कान तापले. जिच्यासाठी पन्नास वर्षं जीव टाकला, तिच्याकडे आपण ओळखपत्र मागितलं, तिच्या रेघेला नावं ठेवली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. पण धरणीवर पिवळी पट्टी होती आणि ते तिच्या बरोबर उजव्या बाजूला उभे होते.

सेन्सेई मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या. चौकशीच्या रांगेतल्या प्रत्येकाच्या वहीत पोन्ता ओला होता. त्यांनी उजवा हात थर्मासच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळला.

"अहो पाटीवाले, तुमची वही द्या. आणखी एक जमेल मला. एकच. मग हा हात गेला कामातून."

इसोगाईंनी काखेतून वही ओढली. पहिलं पान उघडलं. हात तिच्याकडे निम्मा गेलासुद्धा होता.

आणि खांबापलीकडून वाकून बघणाऱ्या अकराजणांपैकी कोणीतरी, अगदी हळू, म्हणालं, "आमच्या आधी?"

हात तिथेच थांबला. इसोगाईंनी पाटीकडे पाहिलं. मग कोऱ्या पानाकडे. मग वही मागे ओढली.

"माझ्या पुढे अकराजण आहेत, सेन्सेई."

"पण मला तुमच्यासाठी काढायचंय. त्या मोडक्या पायासाठी."

"पहिल्या नंबरला द्या."

"नक्की?"

"नियम आहे," इसोगाई म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत निघाला.

शेवटचा पोन्ता पहिल्या नंबरच्या माणसाला मिळाला. त्यानं तो उजेडात धरून पाहिला, "रेघ जराशी हलली आहे, पण चालेल," म्हणाला आणि निघून गेला. सेन्सेईही गेल्या. उरलेल्या दहाजणांना काहीच मिळालं नव्हतं. टाळ्या त्यांनीच आधी सुरू केल्या. मग चौकशीच्या रांगेनं वाजवल्या, मग सगळ्या सभागृहानं. ओकुदाइराबाईंनी डोळे पुसत आपल्या दंडाची हिरवी पट्टी सोडली आणि इसोगाईंच्या दंडाला बांधली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासाठी कोणी टाळी वाजवली होती. ते चारी दिशांना वाकले.

"मिळालं का चित्र?" दार उघडताच काझुएनं विचारलं.

"नाही. पण हे बघ." त्यांनी दंड पुढे केला.

काझुएनं दंड पाहिला, मग वही उघडून पहिलं पान पाहिलं. "जेवून घ्या," ती म्हणाली. इसोगाई जेवले, आंघोळीला गेले आणि नळ सोडून पोटभर रडले.

इसोगाईंचं चुकलं असं तोयामात अजून कोणी म्हणालेलं नाही. आणि तुम्ही हो? त्यांनी वही मागे ओढली तेव्हा तुम्हालाही आतून बरंच वाटलं ना, की माणूस तत्त्वाचा निघाला? नाही म्हणू नका. त्या टाळ्यांत एक तुमची होती. आम्ही ऐकली.