आवाज न करता आरवावे

मंगरूळपीरहून इंझोरीकडं जाताना वाटेत एक गाव लागतं. त्याचं नाव विचारू नका, तिथली माणसं अजून बाजारात भेटतात. या गावात कोंबडा पहाटे आरवतो, ही बाब बेचाळीस सालापर्यंत कुणी गांभीर्यानं घेतलीच नव्हती.

कोंबडा मेहरबीचा. मेहरबी एकटी बाई, अंडी आणि पिलं विकून पोट भरायची. तिच्या परसात कोंबड्या पुष्कळ, पण कोंबडा एकच. लालभडक तुरा, आणि चाल अशी की परसच त्याला इनाम मिळालंय. गावानं त्याचं नाव तुर्रमखान ठेवलं होतं. गावातल्या कुठल्याही अंगणात पिलू चिवचिवलं तर त्याच्या बापाची चौकशी करावी लागत नसे. "तो हाये तं मी हावो," असं मेहरबी म्हणायची, आणि त्यात तिळभर खोटं नव्हतं.

मग लढाईपायी सरकारनं देशभरची घड्याळं एक तास पुढं केली. सूर्याला विचारलं नाही. नवी वेळ रयतेच्या अंगवळणी पडावी म्हणून या गावात चक्क 'वेळपालन कचेरी' उघडली आणि तिचे अधिकारी म्हणून दौलतराव दाखल झाले. गावात घड्याळ एकच, तेही दौलतरावांच्या कोटाच्या खिशात. त्यामुळं वेळ पाळायची म्हणजे दौलतरावांच्या मागं मागं फिरायचं.

त्यांचं बिऱ्हाड पडलं नेमकं मेहरबीच्या परसाला लागून. पहिल्याच पहाटे, नव्या वेळेनं पाच वाजता, तुर्रमखान कुंपणावर चढला आणि छाती फुगवून आरवला. वेळपालन अधिकारी त्या वेळी झोपेचं पालन करत होते.

दुपारी कचेरीचा शिपाई जगदेव दारात उभा. जगदेव गावातलाच, पण कमरेला पट्टा आल्यापासून जरा ताठ चालायचा.

"चाची, तुह्या कोंबड्याले नोटीस हाये."

"त्याले वाचता येते काय?"

"मले तरी कुठी येते? साहेबानं पाठ करून घेतली." जगदेवानं घसा साफ केला. "सदर कोंबड्याने नवीन वेळेच्या सहा वाजण्यापूर्वी आरवून सरकारी झोपेत व्यत्यय आणू नये. आणल्यास तो सरकारजमा करण्यात येईल."

सरकारजमा झालेला कोंबडा सरकारच्या नेमक्या कुठल्या भागात जमा होतो, हे मेहरबीला ठाऊक होतं. दौलतरावांकडं आदल्याच दिवशी नवा पाटा-वरवंटा आला होता.

त्या रात्रीपासून तिनं तुर्रमखानला टोपल्याखाली झाकलं. वर गोणपाट, त्यावर दगड. कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही, असं शहाणे सांगून गेले खरे, पण त्यांनी हे गाव पाहिलं नव्हतं. तुर्रमखान अंधारात गप्प राहिला आणि गाव उजाडूनही घोरत राहिलं. साहेब उठून खाकरले की मेहरबी टोपलं काढायची, मग तो आरवायचा, मग गाव उठायचं. ज्वारीवरची पाखरं मात्र जुनीच वेळ पाळत होती. माणसं शेतात पोचेपर्यंत त्यांची न्याहारी उरकलेली असे.

ही खबर अकोल्याच्या बड्या साहेबाच्या कानावर गेली. नवीन वेळ लागू असताना ही रयत उशिरा का उठते, असा खुलासा त्यानं मागवला. दौलतरावांनी पेन हातात घेतलं, छताकडं पाहिलं आणि उत्तर धाडलं : "येथील कोंबडा नवीन वेळ मानीत नाही."

आता साल असं होतं की सरकारचं काहीही न मानणारा थेट तुरुंगात जाई. जगदेव पुन्हा आला.

"चाची, दुसरी नोटीस हाये. कोंबड्यानं पाच वाजता आरवून रयतेले उठवाव. नाई त सरकारजमा."

"अन् पयली?"

"तेबी हायेच. ते कोठी रद्द झाली?"

"अरे लेका, मंग त्यानं पाचाले आरवाव का नाई आरवाव?"

"मीनबी साहेबाले हेच इचारलं. साहेबानं लय इचार केला. मंग म्हने, पाठ कर : कोंबड्याने पाच वाजता, आवाज न करता आरवावे."

मेहरबीनं तुर्रमखानकडं पाहिलं. तो पायानं माती उकरत होता. "आयकलं काय रे? नुस्तं तोंड उघडजो."

कुंपणापलीकडून शेजारीण प्रयागबाई म्हणाली, "त्यात काय एवढं व? आमच्या घरचे कचेरीत तसेच बोलतात."

पण तुर्रमखानला कचेरीची सवय नव्हती. दुसऱ्या पहाटे टोपलं उचलताच तो आवाज करून आरवला, आणि चौकशी लागली.

अकोल्याचे साहेब बैलांच्या दमणीतून उतरले. निंबाखाली खुर्ची मांडली. आरोपी टोपल्यात, मेहरबी टोपल्याला धरून. दौलतरावांच्या बिऱ्हाडातून कांदा परतल्याचा वास येत होता. तिनं टोपलं आणखी जवळ ओढलं.

साहेबांनी आधी दौलतरावांना विचारलं, "हा उशिरा का आरवायचा?"

दौलतराव उत्तर द्यायला उठले आणि अर्ध्यात थबकले. उशीर का? तर टोपल्यामुळं. टोपलं का? तर नोटिशीमुळं. नोटीस का? तर झोपेमुळं.

"साहेब," ते म्हणाले, "हा आरवताना मी कधी ऐकलेला नाही."

"मग तक्रार?"

"ऐकीव."

मग प्रयागबाई. हिनं आयुष्यभर याच्या आवाजावर जात्याला हात घातला होता. तिनं साहेबांचे बूट पाहिले. "नाई बाप्पा. माह्या कानाले कमीच येते."

जगदेव म्हणाला, "मी तं आपल्या मनानंच उठतो."

मग सारं गाव ओळीनं आलं. कुणी बहिरं, कुणी गाढ झोपणारं, कुणी त्या दिवशी पोहरादेवीला गेलेलं. मेहरबीला आधी वाटलं, ही माणसं तुर्रमखानच्या जिवासाठी खोटं बोलून राह्यली. मग तिनं चेहरे पाहिले. ती आपापल्या जिवासाठी बोलत होती; ऐकलं म्हणणं म्हणजे दौलतरावांना खोटं पाडणं होतं.

"बाई, तुझा कोंबडा आरवतो?"

आरवतो, आणि असा आरवतो की असा दुसरा तालुक्यात दाखवा, हे तिच्या अगदी ओठावर आलं. तिनं ते गिळलं. "नाई, साहेब."

त्याच वेळी टोपल्यातून तुर्रमखान आरवला. असा आरवला की निंबावरचे कावळे उडाले. सगळं गाव एकदम वर, निंबाच्या फांदीकडं पाहू लागलं. जणू ती आता मोडणार होती.

"हे काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"मी खोकललो, साहेब," जगदेव म्हणाला.

पंचांसमक्ष शिपाई खोकला, अशी नोंद झाली. मग साहेबांनी निकाल सांगितला. सदर पक्षी आरवत नाही, सबब कोंबडा नव्हे. कोंबडा नव्हे, सबब कोंबडी. कोंबडी असूनही आजवर अंडं दिलेलं नाही, ही बाब गंभीर. यापुढं तिनं रोज एक अंडं कचेरीत जमा करावं.

मेहरबीनं कोंबडी बगलेत मारली आणि घर गाठलं.

तेव्हापासून दुसऱ्याच कुणा कोंबडीचं अंडं रोज तुर्रमखानच्या नावानं दौलतरावांकडं जातं. टोपलं परसात पालथं पडलंय, कारण कोंबडीला आरवायची मनाई कुठल्याच नोटिशीत नाही. पहाटे तो कुंपणावर चढतो, जुन्याच वेळेला, जुन्याच जोरात. दौलतराव कानावर गोधडी ओढतात. जगदेव उठून पट्टा बांधतो. प्रयागबाईचं जातं सुरू होतं.

"काहून उठली व एवढ्या पहाटे?" मेहरबी तिला मुद्दाम विचारते.

"अशीच. जाग आली."

तुम्ही म्हणाल, आम्ही तिथं असतो तर खरं सांगितलं असतं. बरं झालं बोललात. अकोल्याच्या साहेबांना अजून एक साक्षीदार हवाच आहे, आणि जगदेव तुमच्या दारात उभा आहे. फक्त तुमचं नाव आणि गाव तेवढं मोठ्यानं सांगा.