खंडेनवमीचं कार्ड

अकराला धर्माजीशेठ खंडेनवमीच्या पूजेला येणार होते आणि साडेनऊपासून आत्मारामचा कॉम्प्युटर सुरू व्हायचं नाव घेत नव्हता. बोईसरच्या त्या कापड रंगवायच्या कारखान्यात आत्माराम तीन वर्षं हंगामी होता. रंगाच्या टाकीत वाफ माणसाऐवजी कॉम्प्युटर सोडेल, असं पटवून त्यानेच शेठना कॉम्प्युटरमध्ये बसवायचं हे महागडं कार्ड घ्यायला लावलं होतं. आज ते चाललं तर आत्माराम कायम, नाहीतर सोमवारपासून वाणगावला घरी.

कार्ड काढलं की कॉम्प्युटर शहाण्यासारखा सुरू व्हायचा. बसवलं की पडदा काळाठिक्कर. आत्मारामने खाच बदलली, कार्डावरची इवली बटणं खाली-वर केली, फुंकर मारली. एकदा तर कुणी बघत नाही असं पाहून हातही जोडले. घड्याळ बघून काही उपयोग नव्हता, तरी दर दोन मिनिटांनी तो ते बघत होता.

त्याच्याकडे मात्र बघत होता तो टाकीवरचा चिंधू. वीस वर्षं वाफेचा व्हॉल्व त्याच्याच हातात होता. कार्ड चाललं तर चिंधूचं काय, हा प्रश्न आत्मारामने सोयीने टाळला होता.

"सायेब," चिंधू हळूच म्हणाला, "चिंच कमी पडली का?"

"कसली चिंच?"

"काल पूजेसाठी समदी हत्यारं धुतली ना. ह्याचं पितळ मला काळपट वाटलं, म्हणून चिंच लावून घासलं. नवीन हाय, चकाकाय पायजे."

आत्मारामने कार्ड उजेडात धरलं. सोनेरी पट्ट्या लखलखत होत्या आणि मधल्या फटींमध्ये चिंचेचा कोळ वाळला होता. त्याला ओरडायचं होतं. पण जे कार्ड चिंधूच्या पोटावर येणार, तेच त्याने इतक्या मायेने घासलं होतं, की त्याला स्वतःचीच लाज वाटली.

अकराला दहा मिनिटं कमी होती. मग ठरलं ते असं: कार्ड पाटावर फुलांखाली ठेवायचं, कॉम्प्युटर कार्डाविना सुरू करायचा, आत्मारामने बटण दाबून खोकायचं आणि टाकीमागून चिंधूने व्हॉल्व फिरवायचा. चिंधूला यात नवीन काहीच दिसलं नाही. रोज तेच तर करायचा तो.

नारळ फुटला. पडदा उजळला. आत्माराम खोकला आणि टाकीवरचा काटा चढत चढत बरोबर ऐंशी अंशांवर थांबला. धर्माजीशेठ एके काळी स्वतः रंगारी होते; ते काट्याकडे कौतुकाने बघत राहिले.

"आता नव्वदवर ने," ते म्हणाले.

आत्मारामने बटण दाबलं, खोकला. काटा ढिम्म. पुन्हा दाबलं, पुन्हा खोकला. टाकीमागून तळहातावर अंगठा चोळल्याचा बारीक आवाज आला, मग दोनदा हलकी थाप, आणि मगच काटा निवांत वर सरकला.

"कार्ड तंबाखू मळतंय," शेठ शांतपणे म्हणाले. "वीस वर्षं वळखतो मी त्याला. नव्वदच्या आधी मळतोच."

शेठनी हातातला प्रसाद आत्मारामच्या ओंजळीत घातला.

"सोमवारपासून तू कायम," ते म्हणाले. "चिंधूच्या हाताखाली."