तुंगार्लीच्या कॉम्प्युटरचा सुटा भाग

कोणतेही यंत्र बंद पडण्यासाठी आधी ते सुरू व्हावे लागते, असा एक समज समाजात रूढ आहे. तो चुकीचा आहे. तुंगार्लीच्या पर्जन्यगणित केंद्रातला कॉम्प्युटर सुरू न होता तीन वर्षे उत्तम चालला आणि मग एके दिवशी बंद पडला. मी त्या केंद्रात हेडक्लार्क होतो. त्या काळातली सर्व टिपणे माझ्याच हातची आहेत, म्हणून ही हकीकत अधिकृत समजावी.

केंद्राचे काम सोपे होते. मावळातल्या डोंगरांवर किती पाऊस पडला ते मोजायचे आणि खालच्या ओढ्यांना किती वाजता किती पाणी येईल ते सांगायचे. या कामासाठी १९७३ साली परदेशातून कॉम्प्युटर आला. तीन लोखंडी कपाटे, एक टाइपरायटर आणि कपडे धुण्याच्या हौदाएवढी एक पेटी. त्या पेटीत तबकड्या होत्या. यंत्राची स्मरणशक्ती तिथे असते, असे आमचे संचालक माधवराव घारपुरे यांनी सर्वांना समजावून सांगितले. (त्यांना ते पेटीबरोबर आलेल्या चित्रावरून समजले होते.)

पेटीच्या झाकणाखाली तीन लाल लाकडी खुंट्या होत्या आणि त्यांच्यावर परदेशी भाषेत काही मजकूर होता. ती कारखानदाराची नाममुद्रा असावी, या अंदाजाने पूजेच्या दिवशी तिथे हळदकुंकू वाहिले. त्यामुळे मजकूर झाकला गेला आणि भाषेचा प्रश्न सुटला.

मग बटण दाबले. पंखा सुरू झाला, एक हिरवा दिवा लागला, पाठोपाठ एक तांबडा लागला आणि यंत्र स्वस्थ बसले.

दोष शोधण्याच्या कामी केंद्राने कोणतीही कसूर केली नाही. बटण बंद करून पुन्हा दाबणे हा उपाय पहिल्या आठवड्यात दोनशे चौदा वेळा केला. लोणावळ्याची हवा दमट म्हणून खोलीत कोळशाची शेगडी ठेवली; तिने यंत्र सुकले नाही, पण शिपाई कान्हू याचा जुना खोकला गेला. विजेचा दाब तपासला. तारा काढून पुन्हा लावल्या, तेव्हा एक तार उरली. ती पाकिटात घालून फाइलला जोडली. कंपनीला पत्र पाठवले. कंपनीने उलट विचारले, "यंत्र सुरू होत नाही म्हणजे नेमके काय होते?" आम्ही प्रामाणिकपणे कळवले, "काही होत नाही." यावर कंपनीने समाधान व्यक्त केले.

इतक्यात उद्घाटनाची तारीख आली. मंत्री येणार होते आणि यंत्राला प्रश्न विचारणार होते.

आमच्याकडे अनसूया टिपणीस नावाच्या बाई होत्या. पद गणक, वय एक्केचाळीस, पुण्याची गणिताची पदवी, तुंगार्लीच्या तळ्याकाठी म्हाताऱ्या आईबरोबर दोन खोल्यांत राहणाऱ्या. कॉम्प्युटर येण्याआधी सगळी गणिते बाईच हाताने फिरवायच्या आकडेमोड यंत्रावर करीत. माधवरावांनी त्यांना शेजारच्या खोलीत बसवले आणि मधल्या भिंतीला एक खिडकी पाडली. मंत्र्यांनी प्रश्न विचारला. यंत्राचा पंखा घुमला. अडतीस मिनिटांनी खिडकीतून टाइप केलेला कागद आला.

"अडतीस मिनिटं!" मंत्री म्हणाले. "माणसाला महिना लागला असता."

टाळ्या झाल्या. शेजारच्या खोलीतून टाळ्या ऐकू आल्या नाहीत, कारण बाई पुढचे गणित करीत होत्या.

ही तात्पुरती सोय होती. सरकारी तात्पुरत्या सोयीला जेवढे आयुष्य असते तेवढे तिला लाभले. तीन पावसाळे रोज सकाळी डोंगरावरून बुधाचा फोन येई. बुधा हा पवनानगरच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतला भातशेतकरी. वाडीवरचे पर्जन्यमापक त्याच्या ताब्यात होते. पाऊस मोजून तो खाली उतरे, ओढ्यावरच्या साकवाजवळच्या, म्हणजे लाकडी पुलाजवळच्या, विश्रामगृहात येई आणि चौकीदार दत्तोबाच्या फोनवरून आकडा सांगे. बाई गणित करीत. साकवावर किती वाजता पाणी चढेल ते चाळीस मिनिटांत दत्तोबाला कळे आणि वेळ भरली की तो साकवावर आडवा बांबू टाकी. मासिक अहवालात मी लिहीत असे: "यंत्राची अचूकता शेकडा चौऱ्याण्णव." उरलेले सहा टक्के बाईंच्या आईच्या आजारपणात गेले.

आता, चांगल्या कामाचे फळ मिळतेच. १९७६ च्या जूनमध्ये वरून आदेश आला. ज्या केंद्रांत कॉम्प्युटर समाधानकारक चालतो, तिथले गणकाचे पद रद्द करावे. सोबत आमचेच छत्तीस अहवाल पुरावा म्हणून जोडले होते.

माधवरावांनी बाईंना बोलावले. मी टिपण घ्यायला हजर होतो.

"अनसूयाबाई, आदेश आलाय," ते म्हणाले. त्यांनी कागद पुढे केला आणि स्वतः खिडकीबाहेर पाहू लागले.

बाईंनी तो दोनदा वाचला. "मग उद्यापासून उत्तर कोण काढणार?"

"यंत्र."

"साहेब, यंत्र?"

"कागदोपत्री तेच काढतं ना. आता मी वर काय लिहू? की तीन वर्षं…" त्यांनी वाक्य सोडून दिले.

"अहवाल बदला असं मी म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "पण पाऊस तोंडावर आहे. बुधा फोन करील, त्याला काय सांगाल?"

"काहीतरी करू."

बाईंनी कागदाची घडी घातली. घडी वाकडी झाली. ती त्यांनी उलगडून पुन्हा नीट घातली. निरोपसमारंभ झाला. तीन भाषणे झाली, तिन्हींत कॉम्प्युटरची स्तुती होती. त्या दिवसापासून यंत्राने उत्तरे देणे थांबवले, आणि मी नोंद केली: "यंत्रात अचानक बिघाड." तीन वर्षांत बिघाडाची ही पहिलीच लेखी नोंद.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने जोर धरला. तीन दिवसांत वाडीवर सव्वीस इंच पडला. चौथ्या दिवशी सकाळी सातला बुधाने फोन केला. आकडा मी उतरून घेतला आणि कार्यपद्धतीप्रमाणे यंत्रासमोर ठेवला. पंखा चालू होता.

बुधा तासभर फोनपाशी बसून राहिला. उत्तर येईना. त्या सकाळी वाडीतल्या चाळीसेक बाया भातलावणीला साकवापलीकडे गेल्या होत्या, त्यांत त्याची बायको भागूबाई होती. त्या संध्याकाळी पाचला परतायच्या.

"दत्तोबा, बांबू टाक," तो म्हणाला.

"कुनाच्या हुकमानं? साकव तर कोरडा हाय. बाया मला फाडून खातील."

बुधाने वाद घातला नाही. तो दुधाच्या गाडीवर चढून कामशेतला गेला, तिथून रेल्वेने लोणावळ्याला आला आणि चिखलाच्या पायांनी बाईंच्या दारात उभा राहिला.

"बाई, आज इंचाचं उत्तर आलं न्हाई."

"केंद्रात विचारलंस?"

"त्ये म्हनले, यंत्र आजारी हाय. म्हनून तुमच्याकडं आलो."

बाईंना यंत्राचा आजार ठाऊक होता. बुधाला तो किती ठाऊक होता हे मला कधीच कळले नाही. तीन पावसाळे त्याने फोनवर ज्या आवाजाला आकडा सांगितला, तो आवाज राहतो कुठे एवढे त्याने विचारून ठेवले होते.

बाई स्वयंपाकघरातच फरशीवर बसल्या. हाताचे यंत्र केंद्राच्या मालकीचे, म्हणून त्या ते तिथेच ठेवून आल्या होत्या. आईच्या औषधांच्या कागदांच्या पाठीवर त्यांनी पेन्सिलने गुणाकार मांडले. दोन ठिकाणी चुकले, ते खोडून पुन्हा केले. आई आतून विचारत होती, "कोण आलंय ग?" आणि बाई पुटपुटत होत्या, "थांब, हातचे सात." अकरा वाजून गेल्यावर त्यांनी पेन्सिल ठेवली.

"तीन ते साडेतीन," त्या म्हणाल्या. "बुधा, साकवावरून पाणी जाणार नाही. साकवच जाईल."

दोघे पोस्टात धावले. ट्रंक कॉल लागायला पाऊण तास गेला. शेवटी दत्तोबा फोनवर आला.

"बाई, ह्ये तुमी सांगताय का यंत्र सांगतंय?"

अनसूया टिपणीस यांनी नोकरीच्या अठरा वर्षांत एकही खोटा आकडा दिला नव्हता. बुधा त्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

"यंत्र सांगतंय," त्या म्हणाल्या.

"मंग टाकतो बांबू. यंत्राचं नाव घेतलं की कुनी बोलत न्हाई."

बाया दुपारी अडीचलाच परत आल्या, कारण शेतात उभे राहवेना एवढा पाऊस झाला होता. बांबू पाहून त्यांनी दत्तोबाला भरपूर ऐकवले. भागूबाई बांबूखालून वाकून निघालीसुद्धा होती. दत्तोबाने पलीकडून ओरडून सांगितले, "यंत्रानं सांगितलंय!" तेव्हा ती मागे सरली. बाया त्याच काठावरच्या देवळाच्या ओसरीत ओल्या लुगड्यांनी बसल्या. तीन वाजून वीस मिनिटांनी वरून पाण्याचा लोंढा आला आणि साकव मधोमध मोडून वाहून गेला. भागूबाई बराच वेळ नुसती बांबूकडे पाहत राहिली. ओढा उतरल्यावर तिसऱ्या दिवशी ती घरी पोचली.

या घटनेची चौकशी होणे अपरिहार्य होते. साकव का पडला हा प्रश्न दुसऱ्या खात्याचा होता. आमच्या समितीपुढचा प्रश्न अधिक गंभीर होता: नोंदीप्रमाणे जे यंत्र बंद होते, त्याने बरोबर इशारा कसा दिला? समितीने दोन महिन्यांनी निष्कर्ष काढला, की यंत्र बंद अवस्थेतही कार्यक्षम असून, चालू केल्यास त्याची कार्यक्षमता आणखी वाढेल. म्हणून मुंबईहून कंपनीचे इंजिनिअर रेगे यांना बोलावले.

रेग्यांनी झाकण उघडले, हळदकुंकू खरवडले आणि मजकूर वाचला.

"या खुंट्या प्रवासात तबकडी हलू नये म्हणून लावतात," ते म्हणाले. "इथे लिहिलंय, सुरू करण्यापूर्वी काढाव्यात."

"मग?" माधवरावांनी विचारले.

"मग तुम्ही तीन वर्षं काय करत होता?"

या प्रश्नाची नोंद घेतलेली नाही.

खुंट्या काढल्या. तबकडी गरगर फिरली, तांबडा दिवा विझला आणि यंत्र आयुष्यात प्रथमच सुरू झाले. त्याला जुलैतला तोच आकडा दिला. अकरा सेकंदांत उत्तर आले: त्या दिवशी ओढ्याला पाणी येणार नाही, उलट ओढ्यातले पाणी दर तासाला चार इंच डोंगरावर चढेल. (यंत्राला शिकवायची सूत्रे माधवरावांनी स्वतः लिहिली होती. एका ठिकाणी अधिकचे उणे झाले होते.)

समितीने पुन्हा बसून सरळ विचार केला. दुरुस्तीपूर्वीची उत्तरे छत्तीस अहवालांत मंजूर झालेली आहेत. दुरुस्तीनंतरचे उत्तर त्यांच्याशी जुळत नाही. अर्थात बिघाड दुरुस्तीमुळे झाला. ठराव झाला, "खुंट्या पूर्ववत बसवाव्यात." रेग्यांनी त्या बसवल्या आणि जाताना आमच्याकडे चहा घेतला नाही.

तरीही यंत्र उत्तरे देईना. तेव्हा समितीच्या लक्षात आले, की जूनअखेर यंत्राचा एक भाग केंद्राबाहेर गेलेला आहे. रद्द झालेले पद पुन्हा निर्माण करता येत नाही, पण सुटा भाग मागवायला हरकत नव्हती. मीच मागणीपत्रक भरले. भागाचे नाव: टिपणीस, अनसूया. संख्या: एक. केंद्राच्या सामानाची यादी असलेल्या जडसंग्रह नोंदवहीत त्यांना तीन कपाटे आणि एक पेटी यांच्या खाली अनुक्रमांक मिळाला.

कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. मला वाटले होते, त्या तो तोंडावर फेकतील.

"पावसाळा संपलाय," त्या म्हणाल्या. "मग आता घाई कसली?"

"पुढचा येईल ना, बाई."

"येईल," त्या म्हणाल्या, आणि आईकडे एकदा पाहून आल्या. "येते. पण उत्तराखाली माझं नाव घालीन. गणित माझं आहे."

माधवरावांनी मान खाली घालूनच होकार दिला. पुढच्या जूनपासून प्रत्येक इशाऱ्याखाली एक ओळ छापली जाऊ लागली: "गणित: अनसूया टिपणीस." केंद्राचे इशारे तेव्हा तळेगाव-लोणावळ्याकडच्या सुशिक्षित मंडळींकडेही टपालाने जात.

तीन आठवड्यांत एकसष्ट तक्रारी आल्या. एका मुख्याध्यापकांना पूर्वीची शास्त्रीय दृष्टी लोपलेली दिसली. एका निवृत्त अभियंत्यांना दशांश चिन्हापुढचे आकडे हल्ली भावनाप्रधान वाटत होते. बंगल्यातल्या एका गृहस्थांनी विचारले, की पाण्यासारखा विषय कोणा बाईच्या अंदाजावर सोडून सरकार आमच्या जिवाशी खेळत आहे काय. त्या तीन आठवड्यांतला एकही इशारा चुकला नव्हता.

केंद्रात प्रत्यक्ष आला तो फक्त बुधा. त्याने नाचणीचे पीठ आणले होते. "वाडीतल्या पोरानं नाव वाचून दाखवलं," तो बाईंना म्हणाला. "लय बरं झालं. कुनाला इचारायचं त्ये कळतंय आता."

दुसऱ्या दिवशी नाव काढून टाकण्याचा आदेश वरून आला. मी कागद बाईंपुढे ठेवला, तेव्हा त्या गुणाकारात होत्या. "खोडा," त्या मान वर न करता म्हणाल्या, "आणि हा आकडा लगेच दत्तोबाला द्या. साडेचारची वेळ आहे." तक्रारी त्याच आठवड्यात थांबल्या. चार सद्गृहस्थांनी तर यंत्र दुरुस्त केल्याबद्दल आभारही मानले.

केंद्र आता बंद झाले असून ती एकसष्ट पत्रे माझ्या ताब्यात आहेत. सर्व पत्रे शुद्ध मराठीत, चांगल्या कागदावर, वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसांची आहेत. ज्यांना आपले पत्र परत हवे असेल त्यांनी हस्ताक्षराचा नमुना घेऊन कोणत्याही दिवशी सकाळी दहा ते बारा या वेळात माझ्याकडे यावे. असे पत्र आपण लिहिणे शक्यच नाही, अशी आत्ता ज्यांची खात्री झाली आहे, त्यांनी नऊलाच यावे. त्यांची रांग वेगळी केली आहे.