शेवटच्या घरची पेटी

"माझ्या वाळवणाच्या काठीवरून वायर नेली, आनि आवाज बघा! डास बरा!" कुडापलीकडून मालनबाई करवादली.

भिवपुरीच्या आमच्या आळीत घरोघर रेडिओ पोचवायचा विडा मीच उचलला होता! जयंती सरली की मंडळाचं आवाज वाढवायचं मशीन आणि माइक वर्षभर आमच्या माळ्यावर धूळ खात पडायचे. म्हटलं, आपला रेडिओ मशीनला जोडू, वायरी ओढू, प्रत्येकाकडे स्पीकरची एक पेटी! विजेचं ज्ञान? बिघडलेली इस्त्री मी स्वतः उघडली होती की!

पण आवाजाचं झालं पंगतीतल्या मटणासारखं. पहिल्या पानाला फोडी, शेवटच्याला नुसता रस्सा. शेवटचं घर सोनुबाईचं. तिचा मुलगा सहदेव गेल्या पावसाळ्यात उल्हास नदीच्या पुरात वाहून गेला, तो सापडलाच नाही. रेडिओवर हरवलेल्या माणसांची माहिती सांगतात, त्यासाठी ती रोज पेटीला कान लावून बसे. "आज नीट आयकू आलं नाय गं," म्हणे. आम्ही लगेच भाताच्या रोपांवर बोलायला लागायचो.

त्या संध्याकाळी ठरवलं, आज फोडी सगळ्या तिलाच! बाकीच्या वायरी उपटल्या, आवाजाचं बटण पार पिळलं, माइकवर हाक मारली, "सोनुआक्का, येतंय का ऐकू?"

रेडिओ लावणार, तोच काळूरामभावजी दारात. "आमची पेटी मेली!"

"आमची पन!" पिठाच्या हातानं मालनबाई.

"थांबा जरा! आज आवाज फक्त सोनुबाईला सोडलाय."

"तिला? ती काय आयकनार? त्याचं नाव काय येनार हाय?"

"गप गं!" मी दटावलं.

"खोटं बोलते का मी? पुलाखाली चप्पल घावली त्याची. आता तो..."

"तो काय?" भावजींनी विचारलं.

"काय नाय. भावजी, तुमीच सांगा तिला."

"मी? बाईमानसाचं काम ते! जिजावैनी सांगतील."

मी कशाला सांगतेय! मान फिरवली, तर माइक चालूच! आमचं सगळं भांडण, बटण पिळून, एकाच घरी पोचत होतं.

सोनुबाई उंबऱ्यात उभी होती.

"आज आवाज लख्ख आला गं, जिजा. शेवटचं तेवढं कुनी बोललं नाय."

मालनबाई हाताचं पीठ खरवडत राहिली. भावजींना छपरात काहीतरी दिसलं.

सोनुबाई माइकशी वाकली. जयंतीत भाषण करणारे वाकतात तशी.

"माझा सहदेव मेला."

आळीच्या टोकाला, तिच्या रिकाम्या घरात, पेटीनं ते मोठ्यानं सांगितलं.