डोमाजींचा सराटा

आमच्या शेजारचे डोमाजी ठवकर सकाळी बागेत फिरायला निघतात, ते खिशात स्वयंपाकघरातला सराटा घालून. पोळी उलटवायचा, चांगला लोखंडी. खांद्याला थर्मास. एकदा मी लाडात येऊन त्यातला चहा मागितला, तर त्यांनी माझ्या तळहातावर बर्फाचा खडा ठेवला.

हा बर्फ चिंगमसाठी. लोक बागेतल्या बाकांना चिंगम चिकटवून जातात. डोमाजी त्यावर बर्फ घासतात आणि ते कडक झालं की सराट्याचा एकच फटका, टक्! सगळं ऊन चढायच्या आत. नागपूरच्या उन्हात आठनंतर चिंगमची खळ होते.

बरं, सुरुवात बाकाच्या खालून. गाडीखाली मिस्त्री शिरतो तसे उताणे शिरतात.

"आधी वरून करा की," मी एकदा म्हणालो.

"वरून तर सारेच साफ दिसते, भाऊ. माणसाची लायकी खालून समजते."

माणसांबद्दल त्यांचं मत एकूण असंच. कानात गाणी खुपसून धावणाऱ्या एका तरुणाला अडवून त्यांनी विचारलं, "काय चावून राहिला गा?"

"चिंगम."

"बैल बी दिवसभर चावते. पण तो गिळते. गोठ्याले चिकटवत नाही!"

खरा दात मात्र कारंज्याजवळच्या बाकावरच्या गिऱ्हाइकावर. "रोज डाव्या कोपऱ्यात, खालून. पुदिन्याचा वास. सापडू द्या, त्याच्याच कपाळाले चिकटवतो!"

"चिकटवायलाच पाहिजे," मी तोंड फारसं न उघडता म्हणायचो. बायकोच्या धाकाने मी तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडून चिंगम धरलं होतं. त्या बाकावर बसून चघळायचं आणि उठताना... कचऱ्याचा डबा वीस पावलं लांब, आणि माझे गुडघे हे असे.

मध्यंतरी मी आठ दिवस लेकीकडे अमरावतीला गेलो. परतल्यावर सकाळी पाहतो, तर त्या बाकापाशी डोमाजींचा हात धरून वहिनी उभ्या. लकव्यानंतर त्या घराबाहेर दिसल्याच नव्हत्या.

"मले उठताना बाकाची कड खालून धरा लागते, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मागं एकदाच आली, तं इथंच बोटं चिकटली कोणाच्या उष्ट्यात. लय किळस आली. म्हटलं, आता घरीच बरी. मंग यायनं कबूल केलं, आठ दिवस कोपरा साफ राहिला तरच तुले नेतो. तीन महिन्यांनी आता कुठं राहिला."

डोमाजी गुडघ्यांवर बसले. बाकाची कड त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत खालून बोटांनी चाचपली.

"बस वं. साफ हाय."

वहिनी बसल्या. डावा हात सावकाश कडेखाली नेला आणि तिथेच ठेवला.

मग डोमाजींनी माझ्या जबड्याकडे पाहिलं. "अमरावतीहून कधी आले?"

"काल."

ते उठून जवळ आले. आता आपलं कपाळ गेलं, म्हणून मी डोळे मिटले.

"गिळा," वहिनींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू ते म्हणाले.

मी गिळलं.